विश्वास आहे ना, मग पावती कशाला?

ओझरच्या विघ्नहराच्या देवळात पैसे भरले की पावती मिळते. रक्कम कितीही छोटी असो. नाव, गाव, तारीख, कशासाठी, किती, सगळं तिच्यावर असतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या चुलतभावाच्या नावानं अभिषेक केला तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ती पावती चष्मा लावून वाचली. आडनावात एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त करून घेतलं, घडी घालून खिशात ठेवली आणि घरी आल्यावर तारेला टोचली.

ही तार पडवीतल्या खुंटीला टांगलेली असते. जुन्या घरांत तुम्ही पाहिली असेल. वर आकडा, खाली लाकडाची चकती, मध्ये कागदच कागद. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातली हिशोबपट्टी, ज्यात क्रेट किती, भाव काय, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात किती आले ते लिहिलेलं असतं. विघ्नहर कारखान्याच्या ऊस वजनाच्या काटापावत्या. डेअरीच्या चिठ्ठ्या, फॅट आणि एसएनएफसकट. खताच्या दुकानाची बिलं, लाइटबिलं, पतसंस्थेच्या पावत्या. जुन्नर-आंबेगावातला शेतकरी हिशोब ठेवत नाही असं शहरात कुणी म्हणालं की मला त्याला ही तार दाखवावीशी वाटते.

त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याच घरातून एका माणसाला दोन लाख पंचवीस हजार रुपये गेले. त्याचा एकही कागद त्या तारेवर नाही.

मला या न मिळालेल्या कागदाबद्दल बोलायचं आहे. एजंट फसवे असतात हे तुम्हाला माहीतच आहे, त्यावर वेगळा लेख नको. माझं म्हणणं जरा निराळं आहे. परदेशी जाणाऱ्याच्या अर्जाची फी ही त्याची स्वतःची फी असते, आणि तिची पावती दुसऱ्याच्या ई-मेलमध्ये पडून राहते ही गोष्ट आपण सगळ्यांनी, शिकल्यासवरलेल्यांनीसुद्धा, साधी गैरसोय मानून सोडून दिली आहे. ती गैरसोय नाही. त्या एका पावतीवर अर्जाची मालकी ठरते, आणि कधीकधी सव्वा लाख रुपयेसुद्धा.

तर झालं असं. भावाला इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. पुण्यातल्या एका कन्सल्टंटकडे फाइल होती. नाव देत नाही. दिलं तरी उपयोग नाही, गल्ली बदलली की पाटी बदलते. त्यानं सांगितलं, व्हिसाचं "सगळं मिळून" सव्वादोन लाख. पन्नास हजार रोख दिले. एक लाख यूपीआयनं त्याच्या खात्यावर. उरलेले पंचाहत्तर हजार एका क्यूआर कोडवर, ज्यावर आम्ही कधीही न पाहिलेल्या बाईंचं नाव होतं. पैसे सोनेतारण कर्जाचे. तात्यांनी सवयीनं विचारलं, "सर, पावतीचं काय?" सर हसले. "काका, विश्वास आहे ना? मग पावती कशाला? पोराचं काम झालं की पेढे घेऊन या." मीही तिथे बसलो होतो. मीही हसलो. हे लिहिताना त्या हसण्याची लाज वाटते म्हणून सांगून ठेवतो.

व्हॉट्सअॅपवर "फी पेड" असा मेसेज आला, पुढे हिरवी बरोबरची खूण. बस्स.

ऑगस्टच्या शेवटी नकार आला. कारण बँकेतल्या शिलकीचं. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाला दाखवायची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आमची काही दिवस कमी भरली. हे सांगायचं काम कन्सल्टंटचं होतं, पण ते असो. तात्यांनी पैशांचं विचारलं. उत्तर आलं, "काका, एम्बसीची फी नॉन-रिफंडेबल असते. नियम आहे."

अर्धं खरं होतं. म्हणूनच ते इतकं सहज पचलं.

त्या वेळी इंग्लंडबाहेरून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याची व्हिसा फी ४९० पाउंड होती. अर्ज तपासून नाकारला गेला की ती परत मिळत नाही. पण तिच्याबरोबर दुसरी एक रक्कम भरावी लागते, इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ घेतला जाणारा अधिभार. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्याला तो वर्षाला ७७६ पाउंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा अलीकडचे-पलीकडचे महिने धरून वर्षापेक्षा मोठा निघतो, म्हणून दीड वर्षाचा अधिभार लागतो, १,१६४ पाउंड. तेव्हाच्या दरानं सव्वा लाख रुपयांच्या आसपास. आणि व्हिसा नाकारला गेला तर हा अधिभार पूर्णच्या पूर्ण परत मिळतो. अर्जसुद्धा करावा लागत नाही. साधारण सहा आठवड्यांत तो आपोआप जमा होतो, ज्या कार्डावरून भरला होता त्याच कार्डावर.

कुणाचं कार्ड होतं ते?

हे आम्हाला कळलं पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, तेही भावाच्या होस्टेलमधल्या एका मित्रामुळे. त्यालाही नकार आला होता, पण त्याच्या बहिणीनं स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले होते आणि अधिभार परत आल्याचा मेसेज तिला आला होता. आम्ही कन्सल्टंटला फोन केला. "चेक करतो." मग, "आमच्याकडे काही आलेलं नाही." मग फोन उचलणंच बंद. पुरावा काढायचा तर अधिभाराचा क्रमांक हवा, तो असतो पैसे भरल्यावर येणाऱ्या मेलमध्ये. आणि मेल? ऑफिसातल्या मॅडमनी भावाच्या नावाचा, पुढे चार आकडे लावलेला एक नवा जीमेल उघडला होता. पासवर्ड त्यांच्याकडे. रिकव्हरीचा मोबाइल नंबरही त्यांचाच. नाव भावाचं, पासपोर्ट भावाचा, सही भावाची, आणि अर्जाचा दरवाजा मात्र दुसऱ्याच्या किल्लीनं उघडणारा.

इथे जरा थांबून एक फरक नीट समजून घेऊ, कारण माझ्या ओळखीतले इंजिनिअरसुद्धा तो चुकवतात. तुमच्या फोनमध्ये जो "पेमेंट सक्सेसफुल"चा स्क्रीनशॉट आहे, तो फी भरल्याचा पुरावा नव्हे. तुमचे पैसे एजंटकडे गेले, एवढंच तो सांगतो. तो जपून ठेवा, त्यातला बारा आकडी यूटीआर क्रमांक उद्या भांडायला उपयोगी पडेल. पण एजंटकडून पैसे त्या देशाच्या सरकारकडे गेले का, कधी गेले, किती गेले आणि कुणाच्या अर्जापोटी गेले, हे दुसऱ्या कागदावर असतं. तो कागद सरकारी पोर्टल देतं. त्यावर तुमच्या अर्जाचा क्रमांक असतो. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी सेव्हिसची ३५० डॉलर फी भरतात, तिची पावती तर मुलाखतीला बरोबर न्यायला सांगतात. म्हणजे पावती मागणारा माणूस संशयी नसतो. ती मागायला व्हिसा देणारे स्वतःच शिकवतात.

या दोन कागदांच्या मधली जी फट आहे, तिच्यात हा सगळा धंदा उभा आहे. "सगळं मिळून" हा शब्दप्रयोग त्या फटीवर टाकलेली गोणपाटं आहेत. सव्वादोन लाखांत सरकारी फी किती, अधिभार किती, व्हिसा केंद्राच्या जादा सेवांचे किती, कन्सल्टंटचे किती, हे कळूच नये यासाठी तो असतो. बाजारातला आडत्या हमालीचे पैसेसुद्धा वेगळे लिहून देतो. काचेच्या केबिनमधल्या माणसाकडून आपण त्याच्या पावपट हिशोबाची अपेक्षा का ठेवत नाही?

आता एजंटांची बाजू. ती आहे, आणि मी ती टाळणार नाही. तिकडच्या सरकारी पोर्टलवर आपलं यूपीआय चालत नाही. कार्ड लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नवं कार्ड मुळात फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार आपण स्वतः सुरू करून घ्यावे लागतात. आमच्या भागात बऱ्याच घरांचं खातं पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत. तिथलं कार्ड परदेशी पोर्टलवर चालेलच असं नाही. तेव्हा "आमच्या कार्डावरून भरतो" ही सोय खरी आहे आणि काही कन्सल्टंट ती प्रामाणिकपणे पुरवतात. पण सोय करणाऱ्याला पावती पुढे पाठवायला किती वेळ लागतो? मेल उघडायचा, फॉरवर्ड दाबायचं. अर्धं मिनिट. हे अर्धं मिनिट ज्याला जड जातं त्याची अडचण तांत्रिक नसते.

आणि पावती न मिळण्यात फक्त पैसे जातात असंही नाही. २०२३ मध्ये कॅनडात काही भारतीय विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची पाळी आली होती, बातमी तुम्ही वाचली असेल. त्यांच्या अर्जातली कॉलेजची प्रवेशपत्रं बनावट निघाली. फाइल जालंधरच्या एका एजंटनं केली होती. पण कागदांवर एजंट कुठेच नव्हता. सही विद्यार्थ्याची, अर्ज विद्यार्थ्यानं स्वतः केलेला. कॅनडाचं सरकार अशा अदृश्य माणसाला घोस्ट कन्सल्टंट म्हणतं, आणि त्यांच्या कायद्यात खोटी माहिती दिल्याबद्दल जी पाच वर्षांची बंदी आहे ती भुतावर लागत नाही, अर्जदारावर लागते. माझ्या भावाच्या त्या चार आकडी जीमेलकडे आता पुन्हा पाहा. मॅडमनी त्यातून काय काय पाठवलं, आम्हाला आजही सगळं ठाऊक नाही. पावती ज्या मेलवर येते तिथेच अर्जाची प्रत येते, तिथेच शंका विचारणारं पत्र येतं. पावतीचा आग्रह धरणारा पोरगा नकळत हे सगळंच ताब्यात घेत असतो.

ही सवय सुरू होते त्याच्याही आधी, पासपोर्टपासून. प्रौढ माणसाच्या साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, ती सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते आणि लगेच अर्जाच्या क्रमांकासह पावती मिळते. तरी आपण नेट कॅफेत जातो, त्याच्याच मेल आयडीवर खातं उघडू देतो, वर पाचशे-हजार देतो. पासवर्ड विचारायचं सुचत नाही. कारण काय, तर "त्याला सगळं येतं." त्याला येतं, कबूल. तुमच्या हातात सकाळपासून रात्रीपर्यंत जो फोन असतो त्यावर तुम्हाला काय काय येतं हे मी पाहिलेलं आहे.

मग विश्वासाचं. हा शब्द आपल्याकडे फार हुशारीनं वापरला जातो. पावती मागणं म्हणजे अविश्वास, अविश्वास म्हणजे अपमान, आणि मोठ्या माणसाचा अपमान आपण करत नाही. पण पावती मागितल्यानं तात्यांचा आडत्याशी असलेला तीस वर्षांचा घरोबा कधी तुटला नाही. देव तर कोपल्याचं ऐकिवात नाही.

पुणे जिल्ह्यानं हा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. या दंगलींत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. का, तर हिशोब फक्त सावकाराच्या वहीत. शेतकऱ्यानं किती फेडलं याचा त्याच्याकडे कागद नाही, त्यामुळे फेडलेलं कर्ज पुन्हा उभं राहायचं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, इंग्रज सरकारनं पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा केला. त्यात एक तरतूद अशी होती: शेतकऱ्यानं कर्जापोटी पैसे दिले की घेणाऱ्यानं त्याच वेळी लेखी पावती द्यायची. शिवाय हिशोबाचा उतारा, पासबुक. न दिल्यास दंड. परकीय सरकारला शेतकऱ्यांचा पुळका आला होता असा माझा दावा नाही. त्याला पुन्हा दंगल नको होती. पण दुबळ्या बाजूला कागद मिळाल्याशिवाय व्यवहार सरळ होत नाही, एवढं त्यालाही कळलं होतं. आणि आज त्याच जिल्ह्यात, स्मार्टफोन हातात असलेली पोरं सर हसले म्हणून गप्प बसतात.

कायदा आजही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे, आणि दिलेल्या सेवेचं बिल किंवा पावती न देणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे पैसे बुडायची वाट पाहायची गरज नाही. पावती न देणं हीच तक्रार. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. जीएसटीच्या नियमांत, नियम ३३ मध्ये, तुमच्या वतीनं भरलेली फी बिलात वेगळी दाखवण्याची सोय आहे, तशी दाखवली तर त्या रकमेवर कर लागत नाही. म्हणजे सरळ धंदा करणाऱ्याचा त्यात फायदाच. जो तरीही "सगळं मिळून" म्हणतो, तो बिल करतच नसणार असं समजायला माझी हरकत नाही.

आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी नियम आणखी नेमके आहेत. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला भरती एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यायला बांधील आहे. प्रत्यक्षात किती घेतात ते कुठल्याही गावात विचारा. तरी निदान तिथे आकडा आहे, नोंदणी आहे, तक्रारीला जागा आहे. विद्यार्थ्यांना पाठवणारा कन्सल्टंट त्या कायद्यात बसतच नाही, कारण विद्यार्थी नोकरीला जात नाही. पंजाबनं अशा कन्सल्टंटांना परवाना सक्तीचा करणारा कायदा दहा-बारा वर्षांपूर्वीच केला. त्यानं तिथली फसवणूक थांबली नाही, हे जालंधरवरून दिसतंच. पण परवाना असला की निदान रद्द करायला काहीतरी असतं. महाराष्ट्रात हे का होऊ नये? इथल्या गावागावांतून पोरं जाताहेत, सोनं गहाण पडतंय, आणि आमदारांच्या फ्लेक्सवर "परदेशी शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल अभिनंदन" एवढंच असतं.

परदेशी सरकारांनाही सोडता येत नाही. फोटोत कान दिसत नाही म्हणून अर्ज परत पाठवणारी ही यंत्रणा फी कुणाच्या कार्डावरून आली हे अर्जदाराला विचारत नाही. परतावा कार्डावर पाठवते आणि हात झटकते. अर्जदाराच्या स्वतःच्या मोबाइलवर "तुमच्या नावानं इतके पाउंड भरले गेले" आणि "इतके परत केले" असे दोन मेसेज पाठवायला काय लागतं?

आमच्या पैशांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तात्या तीन वेळा पुण्याला जाऊन त्या ऑफिसात दिवसभर बसले. ओरडले नाहीत. फक्त येणाऱ्या प्रत्येक पालकाला विचारत राहिले, "तुम्हाला पावती मिळाली का हो?" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी आत बोलावलं. सत्तर हजार रोख काढून टेबलावर ठेवले. आणि त्यांच्या शेजारी छापील व्हाउचर. "सर्व रक्कम पूर्ण मिळाली, यापुढे काही येणे नाही." त्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीटसुद्धा आधीच चिकटवलेलं. सही तिकिटावर यायला हवी, हे सरांनी बोट ठेवून दाखवलं.

ज्याला पावती कशाला असं वाटत होतं, त्याच्या ड्रॉवरमध्ये व्हाउचरचं पॅड होतं.

तात्यांनी सही केली. हप्ता थकला होता. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. भावानं मात्र खिशातून फोन काढून त्या कागदाचा फोटो काढला, सर "अरे, अरे" म्हणेपर्यंत. आता आम्ही वकिलाला विचारतो आहोत की अशा सहीनंतर उरलेल्या रकमेसाठी जाता येतं का.

तुमची फाइल आत्ता कुणाकडे असेल तर आजच त्याला व्हॉट्सअॅपवर लिहा: "सर, माझ्या व्हिसा फीचा आणि सरचार्जचा मूळ मेल मला फॉरवर्ड करा. स्क्रीनशॉट नको. आणि ज्या मेल आयडीवर माझा अर्ज आहे त्याचा पासवर्ड द्या, रिकव्हरीला माझा नंबर टाका." उत्तर म्हणून बहुतेक फोन येईल. उचलू नका. लिहूनच पाठवा म्हणावं.